परवाना बंदुकीचा, पण तिला जोडलेल्या वस्तूचं काय? या चुका टाळा

ग्वाल्हेरात परवान्याची बंदूक असलेली घरं कमी नाहीत. लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांत आजोबांची दुनळी अजून भिंतीतल्या कपाटात असते, मुरार-डबरा बाजूला शेती असलेल्यांकडे ३१५ बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) रायफल असते, एखाद्या व्यापाऱ्याकडे ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर. नूतनीकरणाची तारीख यातल्या बहुतेकांना तोंडपाठ असते. पण त्याच कपाटाच्या खालच्या खणातली पत्र्याची पेटी कोणी वर्षानुवर्षं उघडत नाही. तिच्यात जुनी दुर्बीण असते, तेलाची बाटली, सुटा बोल्ट, कुठल्या तरी बंदुकीचं मॅगझिन, आणि कधी कधी नळीच्या तोंडावर फिरवून बसवायचं एक लोखंडी नळकांडं. नियम बदलले की घरातला माणूस परवान्याचं पुस्तक काढून बघतो. ही पेटी तशीच राहते, आणि अडचण तिच्यातूनच निघते.

वस्तूवर काय छापलंय किंवा विकणारा तिला काय म्हणतो, याला कायद्यात फारशी किंमत नाही. ती वस्तू काय काम करते आणि तुमच्या परवान्यावर काय नोंदलंय, एवढंच बघितलं जातं. पुढच्या सगळ्या चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

“सुटी वस्तू आहे, तिला कसला परवाना?”

सर्वांत जास्त माणसं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या दिली आहे. तिच्यात बंदूक तर आहेच, पण गोळी सुटताना होणारा आवाज किंवा भडका कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तूही त्याच व्याख्येत घातली आहे. बंदुकीचे सुटे भागही आहेत. म्हणजे सायलेन्सर हे कायद्याच्या नजरेत बंदुकीचं सामान नाही, ते स्वतःच अग्निशस्त्र आहे. घरात एकही बंदूक नसली आणि ते नुसतं टेबलावर पडलेलं असलं तरीही.

शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत आवाज किंवा भडका कमी करणाऱ्या वस्तू श्रेणी एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या गटात ठेवल्या आहेत. त्याच श्रेणीत ३०३ किंवा ७.६२ ची सर्व्हिस काडतुसं चालणाऱ्या रायफली आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या गुळगुळीत बोरच्या बंदुका आहेत. कलेक्टर कचेरीतून बारा बोरसाठी मिळालेला नेहमीचा परवाना त्या बारा बोरपुरता असतो. “माझ्याकडे लायसन्स आहे ना” हे उत्तर सायलेन्सरच्या बाबतीत चालत नाही. बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड, अशी झाली आहे. निषिद्ध शस्त्राचा आरोप लागला तर ती ७ ते १४ वर्षांवर जाते.

आता पेटीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढा. दुर्बीण, खांद्याचा पट्टा, दस्त्याची रबरी गादी, सफाईचा गज, कापडी खोळ या वस्तू आवाज किंवा भडका कमी करत नाहीत. बारा बोरच्या नळीत तोंडाशी बसणारा चोक छर्ऱ्यांचा फैलाव ठरवतो. तोही आवाजाशी संबंधित नाही, पण तो नळीचा भाग आहे, म्हणून परवानाधारक गन हाउसमधूनच आणि बिलासकट घ्यावा. जादा मॅगझिनचंही तसंच. बिलावर तुमच्या बंदुकीचा नंबर आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करतो, तरी लिहायला लावा.

गोंधळ होतो तो नळीच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूंमध्ये. मझल ब्रेक धक्का कमी करतो, फ्लॅश हायडर भडका दाबतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, चिरा पाडलेलं छोटं नळकांडं. विकणारे तर एकाच वस्तूला दोन्ही नावं देतात. जाहिरातीत भडका दाबण्याचा नुसता उल्लेख असला तरी ती वस्तू विकत घेऊ नका. उद्या चौकशी झाली तर तीच जाहिरात तुमच्यासमोर ठेवली जाईल.

दुसरी फसवी वस्तू म्हणजे “क्लीनिंग किट” या नावाने ऑनलाइन दिसणारं सॉल्व्हेंट ट्रॅप. हातात घेतलं की ओळखू येतं. एका टोकाला नळीवर बसणारे आटे, साधारण वीतभर लांबीचं ॲल्युमिनियमचं नळकांडं, आणि आत एकामागे एक बसवलेल्या छोट्या वाट्या. बंदूक साफ करायला गज, ब्रश, चिंध्या आणि तेल पुरतं, पिढ्यान्‌पिढ्या पुरलं आहे. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसणारी आणि आत कप्पे असलेली, म्हणजे रचनेने सायलेन्सरसारखीच, वस्तू घरात ठेवण्याचं कारण कोणत्याही तपास अधिकाऱ्याला पटवून देणं कठीण जाईल.

एअरगनवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे तिला जोडलेली प्रत्येक गोष्टही मोकळी, असा समज पसरला आहे. पण अग्निशस्त्राच्या व्याख्येत बारुदाबरोबर “इतर ऊर्जा” हे शब्दही आहेत, म्हणजे हवेवर चालणारी बंदूक त्या व्याख्येबाहेर नाही. सूट त्या मर्यादेतल्या बंदुकीला आहे, तिच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला नाही. जास्त जोराची स्प्रिंग बसवून ऊर्जा २० जूलच्या पुढे गेली किंवा नळी बदलून बोर ०.२२ झाला, की बंदुकीची स्वतःची सूटही संपते. मुलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी एअरगन घेताना बोर आणि ऊर्जा बिलावर छापून घ्या आणि ते बिल जपून ठेवा.

बदलाची बातमी चुकीच्या ठिकाणाहून घेणं

नियम बदलल्याचा निरोप आपल्याकडे बहुधा व्हॉट्सॲपवर येतो. तो कधी अर्धवट असतो, कधी दुसऱ्याच देशाचा. अमेरिकेतले बंदुकीचे व्हिडिओ इथे भरपूर बघितले जातात. तिथे सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा संघीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. बंप स्टॉकवरची (गोळ्या भराभर सुटाव्यात म्हणून रायफलला लावायचा दस्ता) केंद्रीय बंदी २०१९ मध्ये लागू झाली आणि १४ जून २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. हे बदल तिथले आहेत. ग्वाल्हेरच्या परवान्यावर त्यांचा कणभरही परिणाम होत नाही. “आता सायलेन्सर मोकळा झाला” असं कोणी म्हणालं की कोणत्या देशात, हे आधी विचारा.

आपल्याकडे बदल चार पायऱ्यांनी येतो. संसद अधिनियम बदलते. केंद्रीय गृह मंत्रालय नियम बदलतं. राजपत्रातल्या अधिसूचनेने एखादी वस्तू श्रेणीत घातली जाते किंवा तिला सूट मिळते. आणि जिल्हा दंडाधिकारी निवडणूक, सण किंवा तणावाच्या काळात ठरावीक मुदतीचे आदेश काढतात. अनेकजण या शेवटच्या पायरीला अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून “१४४” म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आदेश शोधताना जुन्याच कलमाचा शोध घेतला तर नवा आदेश सापडत नाही आणि माणूस समजतो की आदेशच नाही.

अधिसूचना हातात आली की तीन ओळी आधी वाचा. ती कोणत्या तारखेपासून लागू आहे, कोणत्या कलमाखाली किंवा नियमाखाली काढली आहे, आणि आधीपासून ती वस्तू बाळगणाऱ्यांना किती मुदत दिली आहे. मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांची सरमिसळ करू नका. मसुद्यावर हरकती मागवलेल्या असतात, तो लागू झालेला नसतो. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून त्याची छापील प्रत परवान्याच्या पुस्तकाला जोडून ठेवा. बातमीचं कात्रण ठाण्यात कोणी विचारात घेत नाही.

तिसरी बंदूक गेली, तिचे भाग मागे राहिले

१४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तिसरी बंदूक एक वर्षात जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती आणि त्यानंतर ९० दिवसांत ती परवान्यातून वगळली जाणार होती. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही हीच दोनची मर्यादा आहे. जुन्या सरदार घराण्यांत याची झळ बसणं साहजिक होतं, कारण तिथे एकेका नावावर तीन बंदुका सहज असत.

बहुतेकांनी बंदूक जमा केली. पण तिचं जादा मॅगझिन, सुटा बोल्ट, बदलून ठेवलेली जुनी नळी घरातच राहिली. बंदूक परवान्यातून निघाली म्हणजे त्या भागांमागचा आधारही निघाला. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सवलत आहे, पण तुमच्याकडच्या किंवा दुसऱ्या कोणाकडच्या पूरक भागांबरोबर ते वापरण्याचा हेतू नसावा, अशी त्या सवलतीची अट आहे. एखादा स्क्रू किंवा दस्त्याची पट्टी आणि अख्खा बोल्ट यांना एका मापाने मोजू नका. बोल्ट, नळी, फायरिंग पिन, ट्रिगरचा संच, मॅगझिन असं काही शिल्लक असेल तर ते ज्याच्याकडे बंदूक जमा केली त्याच्याकडेच त्या पावतीच्या संदर्भासह पाठवा.

याच सवलतीच्या शेजारी जुन्या, निकामी हत्यारांची सवलत आहे. दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशी पुराणवस्तू किंवा मोडकी बंदूक अधिनियमाबाहेर राहते. यातले “दुरुस्ती करूनही” हे शब्द महत्त्वाचे. भिंतीवरची ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं चालवलेली नाही, एवढ्याने ती निकामी ठरत नाही. नळी धड आहे, घोडा पडतो आहे, तर परवानाधारक कारागिराकडून लेखी तपासणी करून घ्या, मगच ती दिवाणखान्यात टांगा.

वडील गेल्यावर हाच घोळ होतो. परवाना त्यांच्या नावाचा होता, त्यांच्यानंतर बंदूक बाळगणं कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मग वारस स्वतःच्या नावाने अर्ज करतो. तेराव्याची गडबड समजू शकते, पण “वर्षश्राद्धानंतर बघू” म्हणून बंदूक आणि पेटी तशीच ठेवू नका.

मिस्त्रीवर सोडलेली दुरुस्ती

बारा बोरच्या नळीत तोंडाशी माती, चिंधी किंवा आधीच्या काडतुसातला वॉड (छर्ऱ्यांमागची गादी) अडकून राहिला आणि पुढची गोळी झाडली, की दाब मागे कोंडतो आणि नळी त्या जागी फुगते किंवा तडकते. अशा वेळी ओळखीचा मिस्त्री म्हणतो, “दोन इंच कापून टाकतो, कळणारही नाही.” हे कधीही मान्य करू नका. कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. किती इंच कापली, हा प्रश्न नंतरचा. २० इंचांच्या खाली गेली तर बंदूक श्रेणी एकमध्ये जाते, पण पहिला इंच कापतानाच कलम ६ मोडलेलं असतं. शिक्षा किमान ७ वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत. फुगलेली नळी दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे न्या, बदलायची असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत बदला, आणि नव्या नळीवर वेगळा नंबर असेल तर तो परवान्यावर चढल्याशिवाय बंदूक घरी आणू नका.

२०१९ च्या दुरुस्तीने या कलमात आणखी एक गोष्ट घातली आहे. एका श्रेणीतल्या बंदुकीचं दुसऱ्या श्रेणीत रूपांतर करायलाही आता परवाना लागतो. नळीत सरकवून वेगळ्या बोरचं काडतूस चालवणारे इन्सर्ट आणि “कन्व्हर्जन किट” याच कारणाने धोक्याचे आहेत. ४१० मस्केटचं काडतूस चालवू शकेल अशी बंदूक श्रेणी एकमध्ये मोडते. ३१५ च्या रायफलला ३०३ चं काडतूस घेणारी नळी बसवली तर तीही तिथेच जाते. विकणारा म्हणतो की किट सुटं आहे, हवं तेव्हा काढता येतं. पण ते बसवल्यावर बंदूक काय झाली, हा प्रश्न विचारला जाणार.

नंबराकडे लक्ष द्या. गंज काढून नव्याने ब्ल्यूइंग (गंज रोखणारा काळसर-निळा थर) करताना कारागीर आधी पॉलिश पेपर आणि चाकाने पृष्ठभाग घासतो. जुन्या बंदुकीवरचे ठसे आधीच उथळ झालेले असतात. दोन-तीन वेळा घासलं की शेवटचे आकडे बोटाला लागत नाहीत, उजेड तिरका धरल्याशिवाय दिसतही नाहीत. ओळखखूण खोडणं किंवा बदलणं याला कलम ८ मनाई करतं. हेतू नव्हता, हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा काम देण्याआधी नंबराचे जवळून फोटो घ्या, त्या भागावर पट्टी चिकटवून द्या आणि पावतीवर “नंबर कायम ठेवून” असं लिहून घ्या. दुर्बीण बसवायच्या पट्टीसाठी (माउंट) ॲक्शनला, म्हणजे नळीमागच्या मुख्य सांगाड्याला, भोकं पाडून आटे काढायचे असतील तेव्हाही हेच करा. नंबराच्या जागेवरून माउंट जाता कामा नये.

परदेशातून आलेली भेट

मुलगा, जावई बाहेरून येताना सामानात एखादी जोडवस्तू घेऊन येतात. कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायला परवाना लागतो आणि शस्त्राच्या व्याख्येत भाग येतात. सायलेन्सर तर येतंच. कुरिअरने मागवलेल्या पुड्यालाही तोच नियम. शिक्षा किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. पाठवणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो, कारण रायफलचा स्कोपसुद्धा अमेरिकेच्या निर्यात नियमांत येतो. येणाऱ्यांना आधीच कळवा: बंदुकीची कोणतीही वस्तू आणू नका.

दसरा आणि निवडणूक

दसऱ्याला शस्त्रपूजन होतं, पाटावर बंदूक ठेवून फोटो स्टेटसवर जातो. त्या फोटोत नळीला काय लावलंय हे सगळ्यांना दिसतं. पूजेआधी पेटीतली शंकास्पद वस्तू बाजूला करणं पुरेसं नाही, ती घरात असूच नये.

निवडणुकीत बंदूक जमा करताना घाईत पावतीवर नुसतं “१ रायफल” लिहिलं जातं. मग परत घेताना मॅगझिन किंवा दुर्बीण नसली तर मागायला काही पुरावा उरत नाही, आणि जास्तीचं काही त्याच नंबरावर नोंदलं गेलं तर तेही तुमच्या अंगावर येतं. ठाण्यात जाण्याआधीच साध्या कागदाच्या दोन प्रती करा. बंदुकीचा प्रकार, बोर, नंबर, परवान्याचा क्रमांक आणि यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), सोबत दिलेली प्रत्येक वस्तू आणि तिची संख्या, काडतुसं किती आणि कोणत्या बोरची. एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या.

घरात शंकास्पद वस्तू सापडलीच तर

घाबरून ती तोडू नका, नाल्यात टाकू नका, ओळखीच्या माणसाला देऊ नका. दुसऱ्याला देणं म्हणजे हस्तांतर. परवान्याची बंदूक परवानाधारकालाच विकायची असली तरी आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. बिनपरवान्याच्या वस्तूला तर तोही रस्ता नाही.

वस्तू जिथे सापडली तिथेच ठेवून फोटो काढा. ती कशी आली याचे कागद, जुनं बिल, वडिलांचा परवाना, वारसाचे दाखले एकत्र करा. त्याच दिवशी शस्त्र कायद्याची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा आणि त्याच्या सल्ल्याने, शक्य तर त्याला सोबत घेऊन, कलम २१ खाली जमा करण्याचा अर्ज द्या. अर्जात चार ओळी पुरतात: वस्तूचं वर्णन, ती कुठे आणि कधी सापडली, नियमात कोणता बदल झाल्याचं तुम्हाला कधी कळलं, आणि तुम्ही ती स्वतःहून जमा करत आहात. वस्तूचं नाव ठरवायला जाऊ नका, नुसतं वर्णन करा. “सायलेन्सर” असं लिहिण्यापेक्षा “एका टोकाला आटे असलेलं, सहा इंच लांबीचं धातूचं नळकांडं” असं लिहा. ते काय आहे हे तपासणारे ठरवतील.

पावती घेताना वाचून बघा. तुमच्या अर्जातलं वर्णन तिच्यावर शब्दशः आहे का, तारखेबरोबर वेळ आहे का, सही करणाऱ्याचं नाव आणि पद स्पष्ट आहे का. एकही गोष्ट राहिली असेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या, मगच परत फिरा.